मणक्याची तराई

माझे वडील मिस्त्री होते. मूर्तिजापुरात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांनी बांधलेल्या भिंती अजून सरळ उभ्या आहेत. आमच्या वस्तीतल्या विहाराचा ओटा त्यांचा, शाळेच्या चार खोल्या त्यांच्या, घरं तर कितीतरी. माय त्यांच्याच कामावर रेजा होती. दिवसभर घमेली उचलायची आणि संध्याकाळी, बाकीचे मजूर घरी गेल्यावर, झालेल्या बांधकामावर बादलीनं पाणी मारायची. याला आमच्याकडे तराई म्हणतात. नव्या सिमेंटला रोज पाणी मिळालं नाही तर ते वरून वाळतं, आतून धरत नाही. भिंतीला सात दिवस, स्लॅबला एकवीस. हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून माहीत आहे, कारण मायची तराई उरकेपर्यंत मी वाळूच्या ढिगावर बसून असायचे.

तिथून मी मूर्तिजापूरच्या शाळेत गेले, मग अमरावतीला कॉलेजात. घरातली पहिली ग्रॅज्युएट. आता अमरावतीच्याच एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि राजापेठेत, खाली ट्यूशन क्लास आणि वर मी एकटी, अशा दोन खोल्यांत राहते. हे सगळं त्या दोघांच्या हातांनी झालं आहे आणि ते मी कधी विसरत नाही. तरी पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती, म्हणून आधी हे सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याला बाबांची एक किडनी काढली. तिच्यात कॅन्सरची गाठ होती. ऑपरेशन चांगलं झालं. दोन-तीन महिन्यांत बाबा पुन्हा कामावर जायला लागले. ओझं उचलायचं नाही, उभं राहून दुसऱ्यांना सांगायचं, एवढंच. मग मागच्या उन्हाळ्यात कंबर दुखायला लागली. मिस्त्री माणसाची कंबर दुखणारच, म्हणून मालिश झाली, पट्टा झाला. एका सकाळी ते तांब्या उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. अकोल्याच्या तपासणीत कळलं की किडनीतला आजार हाडात उतरला आहे. कमरेचा एक मणका आतून पोखरला गेला होता आणि वरच्या वजनानं दबून बसला होता.

अकोल्याला शेक दिले, म्हणजे रेडिएशन. थोडे दिवस बरं वाटलं, मग दुखणं परत आलं. गोळ्या वाढल्या. गोळ्यांनी झोप यायची, पोट साफ व्हायचं नाही, आणि कूस बदलताना मात्र बाबा ओरडायचेच. दीड महिना ते एका कुशीवर पडून होते. जेवण तसंच, चहा तसाच, बशीतून.

एका शनिवारी मी घरी पोचले तेव्हा माय झाकलेलं भांडं घेऊन अंगण ओलांडून संडासाकडे चालली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून होते.

"बाई," ते म्हणाले, "मले काही दहा वर्षं नाई पायजे. मरन येते तर येऊ दे. पण संडासले मले माह्या पायानं जाऊ दे. तुह्या मायनं जिंदगीभर घमेली उचलली. आता हे बी तिनंच उचलाव का?"

मी त्यांची चादर सरळ केली.

किती काळ आहे, हे मी अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "महिन्यांत बोलू या, वर्षांत नको." त्यांनीच मग अमरावतीचं सुचवलं. तिथल्या एका दवाखान्यात दर शुक्रवारी नागपूरहून एक तरुण डॉक्टर येतात, ते अशा मणक्यांचं काम सुईनं करतात. मी कागद घेऊन आधी एकटीच जाऊन त्यांना भेटले. त्यांनी मला खुर्चीवर बसवून पंधरा मिनिटं समजावलं, याचं मला आजही अप्रूप आहे. पाठीवर मोठा चिरा नाही, टाके नाहीत. गुंगी देऊन, मशिनच्या पडद्यावर बघत, पेनच्या रिफिलएवढी जाड सुई मणक्यात न्यायची. तिच्यातून उष्णता देऊन आतली गाठ जाळायची. मग त्याच वाटेनं पोकळ झालेल्या जागेत हाडांचं सिमेंट भरायचं. मणक्याला आधार मिळाला की दुखणं उतरतं.

"एक स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "यानं आजार बरा होणार नाही. तो इतर ठिकाणी आहेच. पण हा एक मणका त्यांना निजवून ठेवतोय. तो सावरला तर ते उठतील. जे दिवस आहेत ते चालते-फिरते जातील."

मला तेवढंच हवं होतं. बाबांना मात्र काहीच नको होतं. गाडीत मागची सीट काढून गादी टाकली आणि त्यांना अमरावतीला आणलं, तेव्हा वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते मला एकच वाक्य ऐकवत होते, "नोको करू बाई हे. किडनी काढली तरी आलाच न तो वापस." नांदगाव खंडेश्वरचा फाटा गेला, बडनेरा आलं, तरी तेच. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वापस घे गाडी."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "बाबा, सिमेंट भरतात मणक्यात. तुमच्याच कामातलं काम हाय."

त्यांनी हात सोडला. "सिमेंट?"

"हाव."

"हाडात?"

"हाव."

आत डॉक्टर आले तेव्हा बाबांचा चेहराच वेगळा होता. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "कोनतं वापरता, साहेब? त्रेपन्न ग्रेड?"

डॉक्टर हसले. "त्याहून भारी, काका."

"वाळू किती घेता?"

"वाळू नाही. निव्वळ सिमेंट."

"निव्वळ सिमेंटले भेगा जातात, साहेब."

"याला नाही जात. माझी गॅरंटी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या नव्या मिस्त्रीला कामावर घ्यायचं की नाही ते ठरवताना बघायचे तसं. मग म्हणाले, "बरं. पाहू तुमचं काम."

मी खूश होते. माझ्या एका शब्दानं काम झालं होतं. तराईचं बाबांनी काही विचारलं नाही, कारण ती विचारायची गोष्टच नव्हती. सूर्य कुठून उगवतो हे कोणी विचारत नाही.

तासाभरात काम झालं. गुंगी पूर्ण नव्हती. बाहेर आणल्यावर बाबा पहिलं बोलले ते हेच, की आत हातोडी होती. "लहान. टक, टक, टक. हात चांगला हाय पोराचा, अंदाजानं मारते." डॉक्टर नंतर म्हणाले की खरंच, हाडात सुई शिरवताना हलके ठोके द्यावे लागतात. त्यांनी मला दोन गोष्टी पुनःपुन्हा बजावल्या. दोन तासांनी बसवायचं आणि उद्यापासून चालवायचं, ही एक. पाय जड वाटले, मुंग्या आल्या किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच तासाला फोन करायचा, ही दुसरी. मी दोन्ही वहीत लिहून घेतल्या.

संध्याकाळी बाबांना बसवलं. पाय खाली सोडून ते मिनिटभर बसले. मी ज्याची वाट बघत होते तो ओरडा आलाच नाही. "दुखते?" मी विचारलं. त्यांनी जरा वेळ शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, "नाई." मग लगेच, "चक्कर येते. निजव." दुसऱ्या दिवशीही चक्कर. नर्स म्हणाली, इतके दिवस झोपून होते, होतं असं, घरी हळूहळू चालवा. आम्ही त्यांना मूर्तिजापूरला पोचवलं. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होत्या, मला परतावं लागलं.

आठवडाभर फोनवर सगळं उत्तम होतं.

"बाबा, दुखते का?"

"बिलकुल नाई. भल्लं काम केलं पोरानं."

"चालून राहिले न?"

"हाव, हाव. चालून राहिलो."

माय फोन घ्यायची आणि म्हणायची, "सगळं बरोबर चालू हाय, तू टेन्शन नोको घेऊ." तिच्या आवाजात उत्साह होता. कामावर असतानाचा. तो मला ओळखायला हवा होता.

रविवारी सकाळी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी गेले. बाबा उताणे पडले होते, सरळ, पाय जुळवून. दीड महिन्यात ते असे उताणे झोपले नव्हते. चेहरा शांत होता, दाढी केलेली होती. मला फार बरं वाटलं. मी गादीच्या कडेला बसले आणि आधारासाठी हात टेकला, तर तो ओल्यात गेला. गादी कमरेखाली चिंब होती.

डोक्यात एकदम वहीतलं ते दुसरं वाक्य आलं. लघवीवरचा ताबा. बाबांना लाज वाटू नये म्हणून मी काही बोलले नाही. उठून चुलीकडे मायजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "कधीपासून होऊन राहिलं हे?"

माय भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलंच नाही. "काय?"

"बाबाची गादी ओली हाय."

"ते," माय म्हणाली, "वाळते मंग. उन्हात टाकते मी."

मी तिथेच डॉक्टरांना फोन लावला. रविवार असून त्यांनी उचलला. म्हणाले, स्पीकरवर ठेवा आणि मी सांगतो ते करा. मी बाबांना उजवा पाय उचलायला सांगितलं, त्यांनी उचलला. डावा उचलला. अंगठे वर, अंगठे खाली. मांडीला चिमटे घेतले.

"काहून चिमटे घेऊन राहिली वं?" बाबा चिडले. "कॉलेजात हेच शिकवतं का?"

"पाय तर चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण ओल कसली आहे ते नीट बघा. शंका असेल तर आजच घेऊन या."

मी चादर वर केली. बाबांच्या कमरेखाली दुहेरी घडी घातलेलं गोणपाट होतं, त्याच्याखाली प्लास्टिकचा तुकडा. गोणपाटातून पाणी निथळत होतं. वास कसलाच नव्हता. स्वच्छ, माठातलं पाणी.

"माय," मी ओरडले. "हे काय हाय?"

माय पिठाचे हात घेऊन दारात आली. "आत्ताच मारलं न पानी. तू आली तवाच मारलं."

"पानी? काहून?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाळूचा ढीग आठवला. "तराई नोको का?"

"कसली तराई?" फोनमधून डॉक्टर म्हणाले.

"सिमेंटची, साहेब," बाबांनी मान फोनकडे वळवली. "नववा दिवस हाय आज. सकाळ-संध्याकाळ दोन टाइम चालू हाय. माल झकास धरून राहिला. दुखत नाई बिलकुल."

आता डॉक्टर थेट बाबांशीच बोलायला लागले.

"काका, तुम्ही चालता ना?"

"एकवीस झाल्यावर."

"काका, ते सिमेंट तुम्ही टेबलावरून उतरायच्या आधीच घट्ट झालं होतं."

"हाव, साहेब," बाबा म्हणाले. हा 'हाव साहेब' मी लहानपणापासून ऐकलेला होता. घरमालक काही चुकीचं सांगायला लागला की ते असंच म्हणायचे आणि मग त्यांना करायचं तेच करायचे.

मी फोन घेऊन अंगणात गेले. डॉक्टर हसले नाहीत. पट्टी काढून सुईच्या जागा बघायला सांगितल्या. त्या बुजल्या होत्या, लाली नव्हती. मग म्हणाले, "असं पडून राहणं त्यांना परवडणारं नाही. पायातली ताकद जाते, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छाती भरते. आणि मुख्य म्हणजे, बाई, हे त्यांचे चांगले दिवस आहेत. हेच." पुढे म्हणाले, "सिमेंट हा शब्द माझाच. मी रोज वापरतो. कोणी असं घेईल असं कधी वाटलं नाही."

शब्द त्यांचा होता. पण त्यांना तराई माहीत नव्हती आणि मला होती. त्याहून वाईट म्हणजे, ते सिमेंट सिमेंट नसतं हेही मला माहीत होतं. ते एक पॉलिमर आहे. पावडर आणि द्रव एकत्र केले की कण एकमेकांना धरत जातात, साखळी होते आणि काही मिनिटांत दगड होतो. पाण्याचा त्यात संबंध नाही. बारावीला पॉलिमरचा धडा मी दरवर्षी शिकवते, खडू झिजेपर्यंत फळ्यावर साखळ्या काढते. परक्या मुलांना सांगते ते माझ्या बापाला सांगायचं मला सुचलं नव्हतं. त्यांना 'तुमच्याच कामातलं' एवढं पुरेल, असं मी गृहीत धरलं होतं.

आत गेले तर बाबा पुढचं भाषण तयार ठेवून होते. "डॉक्टर आन मालक, दोघाईले घाईच असते. तू लहान होती, तुले आठवत नसल. अकोल्याले एक स्लॅब होता. दहाव्या दिवशी मालक म्हने खालचे टेकू, सेंट्रिंग काढ, मले लग्न हाय घरात. मी म्हटलं, नाई काढत. त्यानं दुसरा मिस्त्री आनला. त्यानं काढलं. मंग मधातून असा वाकला स्लॅब." त्यांनी तळहात खोलगट करून दाखवला. "लग्न झालं त्या स्लॅबखाली. पाहुने वर पाहून पाहून जेवले."

माय पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं असतं. पण एकवीसमधले बारा दिवस बाकी होते आणि ते अजून बारा दिवस असेच निजणार होते. त्यांना तोंडानं सांगून उपयोग नव्हता. बाबांनी आयुष्यात मालाबद्दल कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवला नाही. ते सिमेंट मुठीत घेऊन बघायचे, वाळू दातांखाली घालून बघायचे.

म्हणून मी स्टेशन रोडला गेले. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे असलेला एक मुलगा तिथे दातांचा दवाखाना चालवतो आणि वरच राहतो. कवळ्या ज्या पावडरीच्या बनतात ती आणि मणक्यात भरतात ती एकाच जातीची. मी काय करणार ते ऐकून तो डोक्याला हात लावून हसला, पण कागदाच्या पुडीत पावडर आणि छोट्या बाटलीत द्रव बांधून दिला. "ताई, वास लय येते याचा. खिडकी उघडी ठेवजा. आन उघड्या हातानं नोका लावू, ओलं असतानी."

बाबांच्या छातीजवळ मी पाट ठेवला, त्यावर काचेची वाटी.

"हे काय हाय?"

"तुमच्या मणक्यात भरलं त्या जातीचा माल."

ते कुशीवर वळले. ओरडले नाहीत, हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नसावं. पावडर चिमटीत घेऊन त्यांनी चोळली. "मैद्यावानी हाय."

"आता हे पाहा." मी द्रव ओतला. वासानं माय मागे सरकली. "तुमीच कालवा."

त्यांनी चमचा घेतला. आधी पातळ होतं, मग तार धरायला लागलं, मग कणकेसारखं झालं. बाबा घाटत होते आणि मी सांगत होते. सांगताना माझ्या तोंडी कॉलेजातली भाषा यायला लागली, तसे ते म्हणाले, "बोलीत सांग." मग मी बोलीत सांगितलं. की आपलं सिमेंट पान्यासंग धरते, म्हणून त्याले पानी द्या लागते. याले पानी नाई लागत. याचे कन एकमेकाचा हात धरतात. एकानं दुसऱ्याचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. सगळ्याईचे हात गुंतले की माल घट्ट.

"आन हात सोडत नाई?"

"नाई सोडत."

"मंग भेगा जात नाई," ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर हाय."

मी तो गोळा दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या तळहातावर ठेवला. थोड्या वेळानं त्यांचे डोळे मोठे झाले. "गरम होऊन राहिलं!"

"होते."

"आपलं बी होते. सिमेंटले बी ताप येते." त्यांनी मूठ मिटली, उघडली, मिटली. मग मिटता येईना. त्यांनी गोळा पाटावर आपटला. टण्ण. नखानं ओरखडा काढून पाहिला, उमटला नाही. पुन्हा कानाशी नेऊन आपटला.

"किती टाइम झाला?"

मी मोबाइल पाहिला. "बारा-तेरा मिनिटं."

ते गोळा पाटावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते हसतील.

"हे तू पहिले काहून नाई सांगतलं?"

"चुकलं, बाबा."

"मले समजलं नसतं का?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "माल हाय. मालाचं मले समजत नाई का?"

मी मान खाली घातली. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही माझी अशी अवस्था झाली नव्हती.

"नऊ दिवस," ते म्हणाले. मग मायकडे वळून, "पोतं काढ वं."

त्या दिवशी ते बसले. पाय काडीसारखे झाले होते, उभं राहताना थरथरले. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून त्यांना दारापर्यंत नेलं आणि तिथे ते चौकटीला टेकून अंगणाकडे बघत उभे राहिले. दुखतंय का, असं मी चारदा विचारलं असेल. पाचव्यांदा म्हणाले, "दुखत नाई. ताकत नाई. दोन्ही येगळं असते." मी आणखी दोन दिवसांची रजा टाकली. मंगळवारी सकाळी ते काठी घेऊन, कोणाला हात न लावू देता, अंगण ओलांडून गेले. संडासात शिरले आणि आतून कडी लावली. ती कडी लागल्याचा आवाज आला तशी माय अंगणातच खाली बसली.

मी दाराशी उभी होते, पडले-बिडले तर म्हणून. आतून आवाज आला, "जाय न आता तिकडं! तमाशा हाय का?"

पुढचे पाच महिने बाबा चालले. विहारापर्यंत, स्टेशनपर्यंत, एकदा तर माझ्याकडे राजापेठेचा जिना चढून आले आणि वर आल्या आल्या म्हणाले की पायऱ्यांची उंची सारखी नाही, बांधणाऱ्यानं माप घेतलंच नाही. भेटेल त्याला माझी ओळख करून द्यायचे, "हे माही पोरगी. मास्तरीन हाय. इनं मले नऊ दिवस झोपवलं." लोक हसायचे, मीही हसायचे. आजार मधल्या काळात फासळ्यांत गेला, मग छातीत. शेवटचे तीन आठवडे ते पुन्हा अंथरुणात होते, पण तो थकवा होता. तो मणका परत दुखला नाही. ते गेले तेव्हा मायचा हात त्यांच्या कपाळावर होता.

मी मात्र ते नऊ दिवस मनातून काढू शकले नाही. पाच महिन्यांतले नऊ. चालायचे दिवस होते आणि माझ्या शहाणपणामुळे ते ओल्या पोत्यावर पडून गेले. बाबा गेल्यावर महिन्याभरानं एकदा मायजवळ बसले असताना मी हे बोलून टाकलं आणि मला रडू आलं.

माय लसूण सोलत होती. ती थांबली.

"कोन म्हनते वाया गेले?" ती म्हणाली. "तो कधी घरात बसला होता का? सकायी कामावर, संध्याकाळी थकून. मंग बिमारी, तर नुसता ओरडायचा. त्या नऊ दिवसांत दुखत बी नव्हतं आन कुठी जाचं बी नव्हतं. मी पोतं भिजवत जाओ आन तो बोलत जाय. दिवसभर. जिंदगीभराचं बोललो आमी."

मी डोळे पुसले. "काय बोलले?"

तिनं लसणाची पाकळी माझ्यापुढे टाकली.

"ते तुले काहून सांगू?"